न मोडलेला मोडका पूल

हांगचौ शहराच्या पश्चिमेला एक सरोवर आहे आणि चिनी माणसाने त्याचे नाव सरळ 'पश्चिम सरोवर' असे ठेवून दिले आहे. सरोवराला नाव देताना एवढी काटकसर करणाऱ्या या लोकांनी काठावरच्या दहा स्थळांची नावे ठेवताना मात्र हात अगदी सैल सोडलेला दिसतो. एकाचे नाव 'तीन डोहांतले चांदणे', दुसऱ्याचे 'सू-बांधावरची वसंतातली पहाट' आणि तिसऱ्याचे 'मोडक्या पुलावरचा हिमशेष'. आम्ही उभयता हा हिमशेष पाहायला गेलो ते जून महिन्यात! शांघायहून आगगाडीने तासाभराचा प्रवास. बर्फाचे नाव नव्हते. आलुबुखार पिकण्याच्या दिवसांतला, तिकडचा तो प्रसिद्ध चिवट पाऊस तेवढा होता.

शिवाय पूलही मोडका नव्हता. चांगला धडधाकट, एका कमानीचा दगडी पूल. कमानही सहा मीटरांहून थोडीशीच मोठी. आपल्याकडे एखाद्या ओढ्यावर असता तर कुणी मान वळवून पाहिले नसते. इथे मात्र पुलावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. नावाचा उलगडा कराल तितका थोडा. कोणी म्हणतात, हिवाळ्यात उन्हाकडच्या बाजूचे बर्फ आधी वितळते आणि सावलीकडचे तसेच राहते, त्यामुळे लांबून पूल मधेच तुटल्यासारखा दिसतो. कोणी म्हणतात, सरोवरातल्या एकाकी टेकडीकडून येणारी वाट इथे तुटते म्हणून तो तुटका. ज्यांना काव्याचे वावडे आहे ते सांगतात की, हा मुळात तुआन आडनावाच्या घराण्याचा पूल. नाव थांग राजवटीपासूनचे. आजचे बांधकाम मात्र १९२१ सालचे. पायथ्याशी एका मंडपात खांशी बादशहाच्या हस्ताक्षरातला शिलालेख आहे. तो १६९९ साली इथे आला होता. बादशहाने नाव लिहून दिल्यावर पूल मोडका आहे की नाही, हे विचारणार कोण?

पुलापासून निघणाऱ्या बांधाला कवी बाय च्युयीचे नाव आहे. हा ८२२ ते ८२४ या काळात इथला सुभेदार होता. त्याने बांधलेला खरा बांध वेगळा होता आणि तो केव्हाच नाहीसा झाला. पण लोकांनी याच बांधाला त्याचे नाव देऊन टाकले. पुढे १०९० च्या सुमारास सू तुंगपो या दुसऱ्या कवी-सुभेदाराने गाळाने भरत आलेले सरोवर उपसून त्या गाळाचाच लांबलचक बांध घातला. कवींच्या हाती कारभार दिला तर काय होते, असे विचारणाऱ्यांना हे दोन बांध दाखवावेत.

पण लोक येतात ते कवींसाठी नव्हे. ते येतात एका नागिणीसाठी.

आमची दुभाषी विद्यापीठात शिकणारी चुणचुणीत मुलगी होती. कठड्याला टेकून तिने गोष्ट सांगितली. बाय सूचन ही शुभ्र नागीण. शेकडो वर्षे तप करून ती बाई झाली. याच पुलाजवळ पावसात तिला शू श्येन नावाचा औषधाच्या दुकानातला साधा पोरगा भेटला. एका छत्रीवरून ओळख झाली आणि लग्नही झाले. मग फाहाय नावाचा भिक्षू आला. ही बाई नव्हे, हे त्याने ओळखले. त्याने नवऱ्याच्या मनात विष कालवले आणि शेवटी तिचे मूल पाळण्यात असताना तिला पलीकडच्या लेइफंग मनोऱ्याखाली कोंडून ठेवले.

"लेकरू वर आणि आई खाली?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे नागपंचमीला चिरायचंसुद्धा नाही, आणि हे बघा!"

मुलीला मी ते इंग्रजीत सांगितले. तिने क्षणभर विचार करून विचारले, "पण भिक्षूंचा धर्म तर तुमच्याच देशातून आला ना?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. मला ठाऊक होते ते एवढेच की, गोष्ट पहिल्यापासून अशी नव्हती. १६२४ साली फंग मंगलुंगने छापलेल्या कथेत नागीण संकटच आहे. नवरा स्वतःच तिच्या डोक्यावर भिक्षापात्र उलटे घालतो आणि वर्गणी जमवून मनोराही बांधवतो! पुढे नाटकवाल्यांनी आणि त्यांच्या प्रेक्षकांनी हळूहळू बाजू बदलली. मनोऱ्यालाही लोकांनी सोडले नाही. त्याची वीट घरात असली की भरभराट होते, या समजुतीने एकेक वीट काढून नेता नेता २५ सप्टेंबर १९२४ रोजी तो कोसळला. लू शुनसारख्या मोठ्या लेखकाने त्याबद्दल आनंद व्यक्त करणारा लेख लिहिला.

आणि विटांतून काय निघाले? पोकळ विटांत ९७५ साली छापलेल्या धारणी मंत्राच्या गुंडाळ्या होत्या. २००१ साली पाया उकरला तेव्हा तळघरात चांदीचा छोटा स्तूप सापडला. इथल्या छिएन छू राजाने सम्राट अशोकाचा कित्ता गिरवून असे हजारो छोटे स्तूप करवले होते. म्हणजे नागिणीच्या शेजारी इतकी वर्षे आमचा अशोकच होता म्हणायचा! हे सांगितल्यावर मुलगी हसली. सौभाग्यवती हसल्या नाहीत.

तेवढ्यात सर आली. पुलाखाली छत्र्या विकायला होत्या. रेशमी, फुलाफुलांची एक सौभाग्यवतींनी घेतली. दुकानदारीण खुणांनी सांगू लागली की, ही उन्हासाठी आहे, पावसात भिजवू नका. पण तोवर ती उघडली गेली होती.

संध्याकाळी मनोऱ्यापाशी गेलो. २००२ साली तो पुन्हा उभा राहिला आहे, आणि वर जायला आता सरकते जिने आहेत.

"मी नाही चढायची. त्या बाईच्या डोक्यावर पाय देऊन कसला देखावा बघायचा?"

मी एकटाच वर गेलो. सगळे सरोवर धुक्यात बुडाले होते. पूल दिसला नाही. उतरलो तेव्हा सौभाग्यवती तळमजल्यावर काचेआड जपलेल्या जुन्या विटांच्या ढिगाऱ्यासमोर उभ्या होत्या. लोकांनी आत नाणी आणि नोटा टाकल्या होत्या. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि मुलीला म्हणाल्या, "नुसत्या विटाच आहेत गं. खाली कुणी नाही."

मी ते इंग्रजीत सांगितले. मुलीने मान डोलावली आणि भिजलेली छत्री झटकून त्यांच्या हाती दिली.