सरदारगृहाची थोरवी

अमरावती

स्नेही वकीलसाहेब यांस,


आपले अकोल्याहून आलेले कृपापत्र पावले. मुंबईस कन्येकडे जाण्याचे आपण निश्चित केले असून, त्या निमित्ताने ताजमहाल हॉटेलात एक मुक्काम करून, जेथे राजेरजवाडे आणि देशोदेशींचे नामांकित राहून गेले ती वास्तू डोळे भरून पाहण्याचा आपला मानस आहे, हे वाचून आनंद वाटला. मात्र पत्राच्या अखेरीस, आपल्या वऱ्हाडात असे एखादे इतिहासप्रसिद्ध हॉटेल का झाले नसावे, असा जो प्रश्न आपण सहज म्हणून विचारला आहे, तो माझ्या मनातून काही केल्या जाईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

ताजमहाल आपण अवश्य पाहावे. 16 डिसेंबर 1903 रोजी ज्याची द्वारे उघडली, त्या प्रासादाच्या आराखड्यावर सीताराम खंडेराव वैद्य या मराठी स्थपतीचा हात फिरलेला आहे. आणि ज्या जमशेटजी टाटांनी तो उभारला त्यांनी, कापूस पिकविणारा मुलूख जवळ असावा म्हणून नागपूर निवडून, तेथे 1877 साली एम्प्रेस मिल सुरू केली होती, हे आपल्यासारख्या कापसाच्या प्रांतातील माणसास विसरता येणार नाही. काळाघोड्याजवळची जुन्या वॉटसन्स हॉटेलची इमारतही पाहावी. विलायतेत घडविलेला लोखंडी सांगाडा मुंबईत आणून ते उभे केले आणि 7 जुलै 1896 रोजी हिंदुस्थानातील पहिली हलती चित्रे तेथेच दाखविली गेली. तथापि तेथील पाहुणचार युरोपियनांपुरताच होता.

परंतु या दोहोंपेक्षाही माझ्या मते थोर असे एक उतरण्याचे ठिकाण क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, त्या काळच्या कर्नाक रोडवर, पोलिस कमिशनरच्या कचेरीच्या निकट आहे, आणि ते म्हणजे सरदारगृह. पुण्याहून मुंबईस आले म्हणजे लोकमान्य टिळक तेथे उतरत. मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणी ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांवरून 24 जून 1908 रोजी त्यांना येथेच अटक झाली, 22 जुलैस न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली आणि मंडालेचा तुरुंगवास घडला. पुढे जुलै 1920 मध्ये ताईमहाराज दत्तक प्रकरणाच्या कामासाठी ते मुंबईस आले, ते याच वास्तूत आजारी पडले, आणि 31 जुलैची मध्यरात्र उलटल्यावर, 1 ऑगस्ट लागला असता, येथेच त्यांचे देहावसान झाले. भरपावसात लोटलेल्या अथांग जनसमुदायाला अंत्यदर्शन घडले ते याच इमारतीच्या सज्ज्यात, आणि चौपाटीकडे निघालेल्या महायात्रेला प्रारंभ झाला तोही याच दारातून. ज्या असहकारितेने पुढे सारा देश ढवळून काढला, तिच्या प्रारंभाची तारीखही तीच होती.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. वऱ्हाडात हॉटेल झाले नाही, कारण वऱ्हाडात दादासाहेब खापर्डे होते. ज्यांना लोक वऱ्हाडचे नवाब म्हणत, त्या गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांनी वकिलीत अमाप मिळविले आणि तितक्याच मोकळ्या हाताने अतिथींवर वेचले. 1897 च्या डिसेंबरात अमरावतीस राष्ट्रीय सभा, म्हणजेच काँग्रेस, भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते, आणि ज्या मित्राचे स्वागत करण्यात त्यांना धन्यता वाटली असती ते टिळक त्या वेळी तुरुंगात होते. आपल्या अकोल्यास शिवजयंतीच्या ज्या सभेत श्रीगजानन महाराज आणि टिळक एकत्र आले, तिचे वर्णन दासगणूंनी केले आहे. तेथेही खापर्डे आहेतच. मित्राला काळे पाणी झाल्यावर, चालता व्यवसाय बाजूस ठेवून, त्याच्या सुटकेच्या खटपटीसाठी हा माणूस 1908 साली विलायतेस गेला आणि 1910 मध्ये परतला. असे यजमान ज्या प्रांताला लाभले, त्याला थोरांच्या उतरण्यासाठी निराळी वास्तू बांधण्याची निकड भासली नाही, यात नवल ते कोणते?

तरीही, वकीलसाहेब, घरचे आतिथ्य कितीही उदार असले तरी त्याला एक मर्यादा असते, ती अशी की पाहुण्याच्या कर्माचा भार यजमानावर पडतो. 1897 साली टिळकांना मुंबईत पकडले ते दाजी आबाजी खरे या त्यांच्या वकील मित्राच्या घरी. 1908 साली पकडले ते सरदारगृहात. ज्याच्या मागावर सरकारचे हेर फिरत आहेत, ज्याच्याकडे नाना जातींची आणि नाना प्रांतांची माणसे वेळीअवेळी येत आहेत, अशा पुरुषाने कोणाच्या ओसरीवर किती दिवस बसावे? मित्र कुरकुरणार नाही. पण पाहुण्याचा संकोच काही सुटत नाही. सरदारगृहात भाडे दिले की तो संकोच संपे. येणाऱ्याला घरधन्याची परवानगी नको, सोवळ्याओवळ्याची विचारपूस नको, जाताना उपकारांचे ओझे नको. सार्वजनिक जीवनाला सभागृह आणि वर्तमानपत्र जितके अवश्य, तितकेच असे सार्वजनिक उतरण्याचे ठिकाणही अवश्य असते, आणि मराठी माणसाच्या राजकारणाला ते सरदारगृहाने मिळवून दिले. अन्य हॉटेलांची कीर्ती पाहुण्यांच्या नामावळीवर उभी आहे; सरदारगृहाची कीर्ती मात्र तेथे राहून पाहुण्याने जे कार्य केले त्यावर उभी आहे, आणि म्हणूनच संगमरवरी जिने व झुंबरे यांवाचून तिचे काहीएक अडत नाही.

म्हणून माझी आग्रहाची विनंती अशी, की ताजमहालाचा मुक्काम आटोपल्यावर एक सकाळ आपण सरदारगृहास द्यावी. आणि दुसरी विनंती याहूनही निकडीची आहे. खापर्ड्यांच्या रोजनिश्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित आहेत. पण अकोल्याच्या जुन्या वकील घराण्यांच्या माळ्यांवर, खटल्यांच्या दप्तरांत, मुंबईहून आलेली पत्रे, मुक्कामाच्या पावत्या, प्रवासखर्चाच्या याद्या अद्याप पडून असतील, आणि वाळवी काही आपली वाट पाहत थांबणार नाही. त्या घराण्यांत आपल्या शब्दाला वजन आहे. आपण परत येताच ती दप्तरे उघडवावीत, त्यांच्या नकला करवून घ्याव्यात. लेखनिकाचा खर्च मी सोसेन आणि प्रत्येक कागद वाचून लावण्याचे कामही आनंदाने पत्करीन. वऱ्हाडातून कोण, केव्हा आणि कोणत्या कार्यासाठी सरदारगृहाच्या जिन्याने चढून गेले, हे आपल्या पिढीने लिहून ठेवले नाही, तर पुढे ते लिहिण्यास साधनच उरणार नाही.

प्रवासाची तारीख ठरताच कळवावे. सौ. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ असावा, ही विनंती.

आपला स्नेहांकित