अकरा नावांची यादी

बेळगाव शहरातील किंवा निपाणी परिसरातील एखादा स्थानिक फुटबॉल क्लब नवा मुख्य प्रशिक्षक शोधू लागतो, तेव्हा त्या शोधाची सुरुवात बहुधा माणसांच्या नावांपासून होते आणि तिथेच तो फसतो. कार्यकारिणीच्या बैठकीत गोव्यात काही वर्षे खेळून आलेला बचावपटू, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला सुभेदार, कोल्हापूरच्या वरिष्ठ गटात गाजलेला आघाडीपटू, शाळेतील क्रीडाशिक्षक अशी नावे पुढे येतात, प्रत्येक नावामागे एकेक सदस्य हट्टाने उभा राहतो. मात्र ज्या पदासाठी ही नावे सुचवली जातात ते पद मुळात रिकामे आहे काय, याची चौकशी होत नाही. आधीचा प्रशिक्षक गेला म्हणजे पद रिकामे झाले, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात प्रशिक्षकपदाचा गाभा असलेला अधिकार, म्हणजे सामन्यात उतरणारे अकरा खेळाडू ठरवण्याचा अधिकार, अशा क्लबांत अनेकदा आधीच्या प्रशिक्षकाकडेही नसतो. तो अध्यक्ष, देणगीदार, माजी कर्णधार आणि गल्लीतील दोन-तीन वजनदार मंडळी यांच्यात वाटला गेलेला असतो, आणि प्रशिक्षक बदलला तरी ही वाटणी बदलत नाही.

या दुखण्याला केवळ सीमाभागाची संकुचित वृत्ती कारणीभूत मानणे अन्यायाचे होईल, कारण ज्या देशाने या खेळाचे नियम लिहिले त्या इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची निवडही १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत फुटबॉल असोसिएशनची निवड समितीच करीत असे. वॉल्टर विंटरबॉटम हे १९४६ ते १९६२ या काळात संघाचे व्यवस्थापक होते, प्रशिक्षणशास्त्राचे त्यांचे ज्ञान वादातीत होते, परंतु समितीने निवडलेल्या खेळाडूंनाच घेऊन त्यांना मैदानात उतरावे लागे. १९५३ मध्ये वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला तेव्हाही व्यवस्था हीच होती. विंटरबॉटम यांच्या जागी ॲल्फ रॅम्से आले ते संघनिवडीचा पूर्ण अधिकार मागून घेऊनच, आणि १९६६ चा विश्वचषक त्यानंतरचा. सीमाभागातील क्लबांच्या दृष्टीने रॅम्से यांच्या आयुष्यातील अधिक बोधप्रद भाग मात्र त्याआधीचा आहे. १९५५ मध्ये इप्सविच टाउन या क्लबने त्यांना नेमले तेव्हा तो इंग्लंडच्या तिसऱ्या विभागात खेळत होता, म्हणजे वरून तिसऱ्या पायरीवर होता. सात वर्षांत, १९६२ मध्ये, तोच क्लब पहिल्या विभागाचा विजेता झाला. एका छोट्या क्लबने एका माणसावर सात वर्षे विश्वास टाकला, ही गोष्ट डावपेचांच्या कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक विचारात घेण्याजोगी आहे.

भारतीय फुटबॉलमध्ये याच मुद्द्याचे उदाहरण हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांचे. पेशाने शिक्षक असलेल्या रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघाने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. जकार्ताच्या १९६२ च्या स्पर्धेत जर्नेल सिंग या मुख्य बचावपटूच्या, म्हणजे मैदानावर ज्याला स्टॉपर म्हणतात त्या खेळाडूच्या, डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्याला विश्रांती देण्याऐवजी आघाडीवर खेळवले आणि त्याने उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केला. असा निर्णय सात जणांच्या समितीत मताला टाकला असता तर तो मंजूर झाला नसता, आणि फसला असता तर त्याची जबाबदारी घ्यायला त्या सातांपैकी एकही पुढे आला नसता.

आश्चर्य वाटते ते एवढ्याचेच की बेळगाव-कोल्हापूर पट्ट्याला एका माणसाच्या अशा अधिकाराची ओळख फार जुनी आहे. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यावर किंवा कोल्हापुरातील कोणत्याही तालमीत कोणता मल्ल केव्हा आणि कोणत्या जोडीला उतरण्याजोगा झाला आहे, याबद्दल वस्तादाचा शब्द अंतिम मानला जाई. मल्लाचा खुराक पुरवणारा धनिकदेखील त्यात सहसा ढवळाढवळ करीत नसे. कोल्हापुरात फुटबॉल वाढला तो पुष्कळ अंशी तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या आश्रयाने, ज्याची साक्ष पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही संघांची नावेच देतात. तालमीचे नाव, तिची पेठेवरची निष्ठा आणि तिची ईर्षा हे सारे फुटबॉलमध्ये आले. वस्तादाचा अधिकार मात्र लाल मातीतच राहिला. कुस्तीत चूक झाली तर एकच मल्ल चीतपट होतो, फुटबॉलमध्ये अकरांपैकी प्रत्येक जागेवर कोणाचा तरी भाचा बसवता येतो, हे त्याचे एक कारण असावे.

बेळगावच्या फुटबॉलची घडण याहून थोडी निराळी आहे. कॅम्प भागात १८५६ साली सुरू झालेल्या सेंट पॉल्स शाळेने आणि फादर एडी यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या आंतरशालेय स्पर्धेने एक परंपरा निर्माण केली, लष्करी छावणीने दुसरी दिली, आणि निपाणीकडून कोल्हापूरच्या पेठांची तिसरी येऊन मिळाली. या तिन्ही परंपरा आपापल्या घडणीचा प्रशिक्षक पुढे करतात आणि प्रत्येकाचे गुणदोष जाणत्यांना ठाऊक असतात. लष्करातून आलेला माणूस वेळ आणि शिस्त घेऊन येतो, परंतु उद्यमबागेतील फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला जाणारा मधल्या फळीतला हाफ संध्याकाळी पाचला हजर का नाही, या प्रश्नाचे उत्तर शिक्षेने मिळत नाही, हे त्याला उमगायला एक मोसम जातो. क्रीडाशिक्षकाला चेंडू थांबवणे आणि पास देणे शिकवता येते, पण सोळा वर्षांपुढच्या, कमावत्या आणि उलट बोलणाऱ्या खेळाडूंची त्याला सवय नसते. गाजलेला आघाडीपटू आला की पहिल्याच दिवशी सरावाला गर्दी होते. तथापि जे त्याने स्वतः कधी विचार न करता केले ते त्याला सुटे करून सांगता येत नाही, आणि मग तो मैदानात शिरून स्वतःच गोल मारून दाखवू लागतो.

प्रमाणपत्रांची एक शिडीही या चर्चेत आता आली आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना ही परवान्यांतील पहिली पायरी, त्यानंतर आशियाई महासंघाच्या मान्यतेचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो असे परवाने असतात. परवाना असलेला माणूस निदान सरावाचा आराखडा कागदावर मांडू शकतो, एवढी खात्री त्यातून मिळते आणि ती कमी लेखण्याजोगी नाही. परंतु डी परवान्यावरून माणूस किती दिवस टिकेल हे कळत नाही, आणि वरच्या परवान्यांचा माणूस बेळगावात का राहील, याचे उत्तर क्लबजवळ नसते. गोवा घाट उतरून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, कोल्हापूर महामार्गावर साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, आणि ज्या राज्य संघटनेकडे इथल्या क्लबांना पाहावे लागते ती पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने राज्याची हद्द बदलली आणि मैदानाच्या कागदपत्रांचाही रस्ता बदलला. निपाणीच्या खेळाडूला कोल्हापूरच्या क्लबकडून खेळायचे तर दुसऱ्या राज्याच्या संघटनेकडे हस्तांतराची नोंद करावी लागते. प्रशिक्षकाला हस्तांतराच्या मुदतीचे तसे बंधन नाही. म्हणजे हद्दीपलीकडून आणणे ज्या एका माणसाच्या बाबतीत सर्वांत सोपे आहे, त्याचाच शोध क्लब आपल्या गल्लीपुरता मर्यादित ठेवतात.

उमेदवाराची पारख मुलाखतीत होत नाही; ती मैदानावर, क्लबच्याच खेळाडूंसमवेत घेतलेल्या एका पूर्ण सराव सत्रात होते, आणि त्या दिवशी कार्यकारिणीने कोणतीही सोय मुद्दाम वाढवू नये. खेळाडू वीस, चेंडू सात-आठ, पावसाळ्यानंतर वाळून खड्डे पडलेली जमीन आणि अर्ध्या मैदानावर चालू असलेले टेनिस बॉलचे क्रिकेट, ही खरी परिस्थिती त्याला दिसली पाहिजे. पाहणाऱ्याने उमेदवाराकडे कमी आणि खेळाडूंच्या पायांकडे अधिक पाहावे. दहा जण रांगेत उभे राहून एकाचा फटका पाहत असतील तर तो सराव दिसायला शिस्तबद्ध आणि प्रत्यक्षात निरुपयोगी असतो. रोंडो नावाचा एक सराव हल्ली सर्वत्र दिसतो, ज्यात सात-आठ जण वर्तुळात चेंडू फिरवतात आणि मधले दोघे तो हिसकावू पाहतात. सपाट हिरवळीवर तो झटपट पास शिकवतो, परंतु उसळत्या जमिनीवर तोच सराव चेंडूचा पहिला स्पर्श शिकवण्यासाठी वळवावा लागतो, आणि उमेदवार तसा वळवतो की पाठ केलेला आराखडा रेटतो, हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळते. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम टर्फवर रात्री पाच-पाच जणांचा खेळ खेळून वाढलेली पिढी आता क्लबांत येत आहे. त्यांचे पाय चपळ असतात, मात्र बगलेवरून साठ यार्ड धावत जाऊन क्रॉस टाकणे, म्हणजे गोलसमोर आडवा उंच चेंडू पोहोचवणे, त्यांनी कधी केलेले नसते. ही उणीव ज्याच्या नजरेस पडते त्याला खेळ दिसतो, असे समजायला हरकत नाही. सत्र संपल्यावर कर्णधाराचे मत सगळेच विचारतात. तिसऱ्या क्रमांकाच्या गोलकीपरला विचारावे, कारण नव्या माणसाने त्याला काही काम दिले की खांबामागून चेंडू आणायला उभे केले, हे तोच सांगू शकतो.

शोधाची वेळही बहुतेक क्लब चुकीची निवडतात. मोसमाच्या शेवटी, पराभव ताजा असताना, मागच्या माणसाच्या नेमका उलटा माणूस हवासा वाटतो. सौम्य गेला की कडक आणि कडक गेला की मिळूनमिसळून राहणारा, असा लंबक वर्षानुवर्षे हलत राहतो. मैदानावर चिखल असतानाचे पावसाळ्याचे महिने या कामाला अधिक योग्य. त्याच काळात दुसरीकडून मोकळ्या झालेल्या प्रशिक्षकांचीही चौकशी करावी, कारण काढून टाकलेला प्रशिक्षक म्हणजे टाकाऊ प्रशिक्षक नव्हे. खालिद जमील यांना सुमारे सात वर्षांनंतर २०१६ मध्ये मुंबई एफसी सोडावे लागले. लगेचच्या मोसमात त्यांनी ऐझॉल एफसीला, जो क्लब आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला जाऊन पुन्हा आत घेतला गेला होता, आय-लीगचा विजेता केला. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईतील खेळाडू त्या संघात होते. प्रशिक्षकाबरोबर त्याची माणसे येतात, हा नेमणुकीचा न लिहिलेला भाग असतो. २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

नेमणुकीचे पत्र लेखी असावे आणि त्यात मानधन, प्रवासखर्च व मुदत यांच्या आधी एक वाक्य असावे: सामन्यासाठीची अकरा नावे आणि राखीव खेळाडू प्रशिक्षक ठरवील व ती यादी सामन्यापूर्वी कोणाच्याही मंजुरीसाठी जाणार नाही. या वाक्यावर सही करायला कार्यकारिणी तयार नसेल तर तिने उमेदवारांना बोलावण्याचा खर्च करू नये. जुन्याच पद्धतीने संघ उतरवावा आणि सरावासाठी एखादा सहायक ठेवावा, त्यात निदान प्रामाणिकपणा आहे. सही झाली तरी समितीकडे पुष्कळ काम उरते. मैदानाची परवानगी, प्रवासाची गाडी, औषधांची पेटी, खेळाडूंची नोंदणी, पाळीवर जाणाऱ्यांसाठी कारखान्याच्या साहेबांना विनंती, ही कामे प्रशिक्षकाच्या गळ्यात पडली की त्याचा सराव संपतो. शिवाय चांगला माणूस दोन-तीन मोसमांत गोव्याला किंवा बेंगळुरूला जाणार, हे धरूनच चालावे लागते. म्हणून मुख्य प्रशिक्षक नेमला जाईल त्याच दिवशी क्लबच्या माजी खेळाडूंपैकी एकाला त्याच्या हाताखाली द्यावे, त्याच्या डी परवान्याचे शुल्क क्लबने भरावे, आणि संघाची यादी ठरताना त्याला खोलीत बसू द्यावे, मात्र पहिल्या मोसमात बोलू देऊ नये.