सोयाबीनमधलं तण : दिवस मोजा, पण पानंही मोजा



आर्द्रात पेरलेलं सोयाबीन पुनर्वसूत दोन-तीन पानांवर आलं की ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "तणनाशक कधी मारू?" दुकानात गेलं की उत्तर मिळतं, १५ ते २० दिवस. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या रानात असतं. बांधावर उभं राहून ते दिसत नाही, खाली बसून बघावं लागतं.

उगवणीनंतरचं इमॅझेथापायर १० टक्के हे औषध आपल्याकडं सर्रास वापरतात. ते तण दोन ते चार पानांवर असताना मारायचं. दिवस पिकाचे मोजायचे आणि पानं तणाची मोजायची. पेरणीनंतर लगेच चांगला पाऊस झाला तर केना, शिप्पी, दुधाणी पंधराव्या दिवशीच तयार असतात. उघडीप पडली तर तण मागं राहतं. पण रान कोरडं असताना घाई करू नका. सुकलेलं तण औषध नीट ओढत नाही. वाफसा पाहिजे, तण टवटवीत पाहिजे आणि फवारल्यावर दोन-तीन तास पाऊस नको.

मागच्या एका हंगामात माझ्याकडं फुले संगम होतं, दोन तुकड्यांत. रस्त्याकडच्या एकरात सतराव्या दिवशी फवारणी झाली. नाल्याकडची जमीन भारी काळी. तिथं पावसानं पाय ठेवू दिला नाही. आत जाता आलं तेव्हा एकतिसावा दिवस होता आणि केना वीतभर झाला होता. जो तो सांगायला लागला, डोस दुप्पट करा. खुरपायला येणाऱ्या मावशींनी मात्र एक ताटा उपटून दाखवला, कांड्याकांड्याला मुळ्या फुटलेल्या. म्हणाल्या, "तात्या, हा आता औषधाला ऐकायचा नाय."

मी फवारलं नाही. आठ बाया दोन दिवस लावल्या. सोळा रोज, ३०० रुपयांनी ४,८०० रुपये. दुप्पट डोसानं मोठं तण मरेलच असं नाही, पिकाला मात्र नक्की झटका बसतो, आणि तोही फुलकळीच्या तोंडावर. शिवाय हे औषध जमिनीत काही काळ राहतं. मागून घ्यायच्या नाजूक पिकाला त्याचा त्रास होऊ शकतो.

मळणीला रस्त्याकडं ९ क्विंटल झालं, नाल्याकडं ६. जमिनीचा थोडा फरक धरला तरी मोठा वाटा तणाचा. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. त्या भावानं तीन क्विंटलचे १५,९८४ होतात. बाजारात तेवढा भाव मिळतोच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सोसायटीचा हप्ता आणि पोरीची फी एकाच महिन्यात येते, तेव्हा हे तीन क्विंटल फार मोठे वाटतात. तण खाई धन म्हणतात ते हेच. खुरपलं ते योग्यच झालं, पण त्याआधीच्या दोन आठवड्यांत तणानं खत-पाणी खाल्लं ते परत येत नाही.

कॅनडात मोहरीच्या कुळातलं कॅनोला पिकवतात. त्यांच्याकडं मोठाली यंत्रं आहेत, तरी सल्ला हाच असतो की पीक चार पानांवर येईपर्यंत तण काढून टाका. पीक लहान असतानाच तण जास्त नुकसान करतं, मग देश कुठला का असेना.

आता हिशोबाचं. डोस एकराचा असतो, पंपाचा नाही. एकरी ४०० मिली. आधी नुसतं पाणी मारून एकराला किती पंप लागतात ते मोजा. १६ लिटरचे साडेबारा पंप म्हणजे २०० लिटर पाणी, म्हणजे पंपाला ३२ मिली. दहाच पंप लागत असतील तर ४० मिली. चालणारा बदलला की पुन्हा मोजा. नोझल पट्ट्यासारखा फवारा देणारा लावा, आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

फवारल्यावर सोयाबीन आठ-दहा दिवस पिवळट दिसतं, मग सावरतं. तण लगेच जळत नाही. आधी वाढ थांबते, मरायला दोन-तीन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी हिरवं दिसलं म्हणून दुसरा हात मारू नका. लव्हाळा आणि हरळी यानं संपत नाहीत, त्यांच्या गाठी आणि काशा जमिनीत असतात.

ज्यांचं रान नाल्याकडचं, पाऊस लागला की आत जाता येत नाही, त्यांनी पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, उगवायच्या आधी पेंडीमिथॅलिनचा विचार करावा. ओल मात्र पाहिजे. मी त्या एकरात आता तेच करतो. वर एक कोळपणी, वीस-पंचवीस दिवसांत.

उद्या सकाळी रानात जा, खाली बसा आणि तणाची पानं मोजा. चारच्या वर गेलं असेल तर दुकानात जाण्याआधी खुरपणाऱ्या बायांना निरोप धाडा.