चारशे एकोणीस पावलं

घरापासून स्टेशन किती लांब, हे राहणाऱ्याला विचारू नये आणि विकणाऱ्याला तर नाहीच. राहणारा दमून सांगतो, विकणारा धावत सांगतो.

आमच्या चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला. “बाबा, फ्लॅट बघितलाय. मेट्रो स्टेशनपासून फक्त 400 मीटर!”

मी सावध झालो. एक तर ‘फक्त’ हा शब्द पैसे मागण्याआधी येतो. दुसरं म्हणजे सांगलीत आमच्या स्टेशन चौकात उभं राहिलं, तर स्टेशन सोडून सगळं दिसतं. स्टेशन केव्हाच उठून गेलं, चौक नाव सांभाळत बसलाय.

पैसे लागणार होतेच. माधवनगरचा निम्मा प्लॉट, तोही आंब्याकडचा, विकायचा होता.

हा प्लॉट अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी घेतला. नोकरी सांगलीत, जवळ सायकलसुद्धा नाही. दलाल प्लॉट दाखवी आणि अण्णा तिथून सांगली रोडच्या थांब्यापर्यंत पावलं मोजत जात. ह्या प्लॉटची 420 निघाली. तो आकडा बदनाम म्हणून आयुष्यभर 419 च सांगत. आई म्हणे, “विहीर बघायची सोडून हे पावलं मोजत बसले!” विहिरीचं पाणी मचूळ निघालं खरं, पण अण्णांची गाडी कधी चुकली नाही.

अण्णांच्या ह्या हिशेबाला आता धोरण म्हणतात. पुण्यासाठी ते सरकारने 2019 साली मंजूर केलं. मेट्रो स्टेशनपासून 500 मीटरच्या आत, रस्ता आणि प्लॉट पुरेसा मोठा असेल, तर प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम करता येतं. कल्पना चांगली आहे. गाडीजवळ माणसं राहिली की गाडी भरते, भरली की वरचेवर सोडता येते, आणि वरचेवर सुटली की माणूस स्कूटर घरी ठेवतो.

कोपनहेगनवाल्यांनी तर 1947 सालीच नकाशावर हाताचा पंजा ठेवला. तळव्यावर जुनं शहर, बोटांवर रेल्वे आणि वस्ती, फटींमध्ये हिरवळ. आमच्या सांगली-मिरजही अशाच एकमेकींकडे सरकल्या, पण पंजा कुणी ठेवलाच नाही. मधल्या रस्त्यावर 1919 सालचं विलिंग्डन कॉलेज होतं, विश्रामबाग होतं. घराला घर लागत गेलं आणि 1998 साली कुपवाडला धरून तिघांची एक महानगरपालिका झाली. आमचं माधवनगर मात्र पंगतीबाहेर, चपला सांभाळत.

असो. पुण्याला जाऊन फ्लॅट बघितला. दाखवणारा पोरगा चुणचुणीत होता. “काका, दोन पार्किंग आहेत!”

“मेट्रो शेजारी असताना दोन मोटारी कशाला?”

त्याने माझ्याकडे दयेने बघितलं. “मेट्रोमुळे रेट चढतो ना, काका.”

म्हणजे मेट्रो बसायला नव्हती, चढायला होती, तीही भावाला.

संध्याकाळी सूनबाईकडे पोळ्यांना मावशी आल्या. उशीर झाला होता. दोन बस बदलून येतात. पूर्वी ह्याच पेठेत भाड्याने राहायच्या. वाडा पडला, टॉवर आला, आणि नवं भाडं ऐकून मावशी गावाबाहेर गेल्या. त्यांच्याकडे मोटार नाही, स्कूटर नाही. अण्णांसारख्याच. म्हणाल्या, “मेट्रो छान आहे हो. पण तिच्यापर्यंत यायला बस लागते.”

रात्री झोप आली नाही. गाडीजवळ घरं हवीत हे त्या धोरणाला बरोबर कळलं होतं. पण कुणाची, हे पार्किंगवाल्या पोराने ठरवलं होतं.

सही मी केली. बापाला दुसरं काय येतं? अट एकच घातली, की दुसरी मोटार घ्यायची नाही. चिरंजीव “हो हो” म्हणाले. दोनदा ‘हो’ म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.

परत निघताना फ्लॅटपासून स्टेशनपर्यंत पावलं मोजली. 912 निघाली. अण्णांनी टाकून दिलेला 420 हा आकडा कुणाच्या नावाने जमा करायचा, ते तेव्हा कळलं.

माधवनगरला आंब्याच्या बाजूने आता कुंपण आलंय. थांबा आहे तिथेच आहे. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, “419? मग तिथंच घर बघा की आमच्यासाठी.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.