घरचा व्हिडिओ कॅमेरा

आखातात राहणाऱ्या माणसाकडे मुंबई-ठाण्याची मंडळी दोन गोष्टींची चौकशी हटकून करतात : सोन्याचा भाव काय, आणि तिकडे व्हिडिओ कॅमेरा स्वस्त मिळतो काय? सोन्यातले आम्हांस काही कळत नाही. कॅमेऱ्याविषयी मात्र चार शब्द अनुभवाने सांगता येतील, कारण २००८ सालच्या हिवाळ्यात शारजातल्या आमच्या घरात तीन आठवडे दुसरा विषयच निघाला नव्हता.

कारण घरगुतीच होते. आमची आई तेव्हा ७९ वर्षांची. डिसेंबरात ती ठाण्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे यावयाची होती. चालणे कमी झाले होते, कानही मंदावले होते. पण हात आणि जीभ शाबूत. थोरल्या भावाने फोनवर बजावले, "आई जे सांगते, जे करते, ते या खेपेस नीट उतरवून घ्या. पुन्हा हा प्रवास तिला झेपेल असे डॉक्टरांना वाटत नाही."

घरात तिचे फोटो पुष्कळ होते. आवाज मात्र कुठेच नव्हता. वास्तविक एके काळी तो आमच्याकडे दर महिन्याला येत असे. १९८० च्या दशकात जे आखातात आले त्यांना आठवत असेल, टेलिफोन महाग, पत्र लिहावयाचा कंटाळा, म्हणून मंडळी टू-इन-वनवर कॅसेट भरून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडीत. आईही भरीत असे. शेजारणीच्या बाळंतपणापासून रेशनच्या साखरेपर्यंत सगळे त्यात असे. पण तीच कॅसेट आम्ही आमचे उत्तर भरून परत पाठवायचो, आणि तिच्यावरच आई पुन्हा बोलायची. काटकसरीचा रिवाजच होता तो, घरोघरी तसाच. एकच कॅसेट चार-पाच वर्षे विमानाने ये-जा करीत राहिली आणि शेवटी तिच्यावर उरले ते शेवटचे पत्र, तेही आमचेच.

तेव्हा कॅमेरा घ्यावयाचा हे ठरले. घ्यावयाचा तर हाय डेफिनिशन, म्हणजे एचडी, हेही ठरले, कारण आईच्या हातांवरच्या रेषा दिसाव्यात अशी मुलांची इच्छा. पैशाची बाजू मात्र पडती होती. जगभर बँका गडगडल्या होत्या, दुबईतल्या कित्येक क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या, आणि आम्ही ज्या कंपनीत होतो तिने पगार कापले होते. २,००० दिरहमांपलीकडे जावयाचे नाही अशी घरात शपथ झाली. त्या वेळच्या हिशेबाने हे २६ हजार रुपयांच्या आसपास.

एका शुक्रवारी संध्याकाळी बर दुबईच्या अल फहिदी स्ट्रीटवर गेलो. मग अब्र्यात बसून, माणशी एक दिरहम देऊन, खाडी ओलांडली आणि देऱ्याच्या बाजूची दुकाने पाहिली. विक्रेते मोठे तरबेज. आमचे तोंड पाहून हिंदी, मागच्या गिऱ्हाइकाशी मल्याळम, त्याच्या मागच्याशी रशियन. प्रत्येकाच्या तोंडी एकच मंत्र : "फुल एचडी, साहेब, फुल एचडी!" कागदावर तो खराच होता. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चित्र म्हणजे फुल एचडी. टेपवरच्या कॅमेऱ्यांत, ज्यांना एचडीव्ही म्हणत, १४४० गुणिले १०८० ठिपके भरत. पण आमच्या दिवाणखान्यातल्या ३२ इंची टीव्हीच्या पडद्यावर सारे मिळून १३६६ गुणिले ७६८ ठिपके होते. म्हणजे दोन्ही चित्रे त्या पडद्यात शिरताना अंग चोरूनच शिरणार. ठिपक्यांसाठी जादा पाचशे दिरहम मोजणे आम्हांस पटले नाही, आणि आजही पटत नाही.

मग काय पाहिले? पहिले म्हणजे सायकल. दुबईचे दुकान जगातले गिऱ्हाईक सांभाळते. एकाच फळीवर अमेरिकेसाठी बनविलेला एनटीएससी कॅमेरा आणि इकडचा पाल कॅमेरा शेजारी शेजारी बसलेले असत, आणि स्वस्त असे तो बहुधा पहिला. संयुक्त अरब अमिरातीत वीज ५० सायकलची, भारतातही ५० ची. सेकंदाला ६० चित्रे धरणारा कॅमेरा ५० सायकलच्या ट्यूबलाइटखाली नेला की चित्रात उजेड लुकलुकतो. सौदीत वीज ६० सायकलची आहे, तिथल्या मंडळींचा हिशेब निराळा. आमचे सारे चित्रण स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली व्हावयाचे होते, सबब स्वस्तातला एनटीएससी बाद.

दुसरे, अंधार. दुकानात दिव्यांचा लखलखाट असतो. तिथे कोणताही कॅमेरा देखणे चित्र देतो. आम्ही कॅमेरा काउंटरच्या खाली, खोक्यांच्या काळोखात धरून पाहिला. चित्रात दाणे-दाणे आले की समजावे, घरच्या दिव्यात हा निभावणार नाही. हे करताना विक्रेता आमच्याकडे ज्या नजरेने पाहात होता ती सांगावयास नको.

तिसरे, आणि आमच्या मते पहिल्या दोहोंहून मोठे, म्हणजे बाहेरचा मायक्रोफोन लावण्याचे भोक. स्वस्त कॅमेऱ्यांत नेमके तेच गाळलेले असे. कॅमेऱ्याच्या अंगचा मायक्रोफोन खोलीतले सगळे ऐकतो : एसी, फ्रिज, रस्त्यावरचा हॉर्न, टेपच्या यंत्रात फिरणारी स्वतःची मोटरसुद्धा. आईचा आवाज आधीच बारीक. तिच्या पदराला लावावयाचा छोटा मायक्रोफोन ६० दिरहमांना मिळत होता, पण तो खुपसावयाचा कुठे?

राहिला प्रश्न चित्र कशावर भरावयाचे याचा. तेव्हा चार तऱ्हा होत्या. आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर भरणारे कॅमेरे आम्ही ताबडतोब सोडले. ती तबकडी कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' केल्याशिवाय दुसऱ्या यंत्रात चालत नाही. उरल्या टेप, हार्ड डिस्क आणि मेमरी कार्ड. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली एव्हीसीएचडी नावाची पद्धत आणली होती आणि सारा बाजार तिच्यामागे धावत होता. टेप म्हणजे जुनाट, असे विक्रेतेच सांगत. खरेही होते. पण कार्डे त्या वेळी महाग होती. कार्ड भरले की संगणकात उतरवावयाचे आणि पुसून पुन्हा वापरावयाचे. म्हणजे मूळ प्रत राहतच नाही. हे ऐकताच आम्हां दोघांना एकदमच ती विमानाने ये-जा करणारी कॅसेट आठवली. टेपचे उलट. साठ मिनिटांची मिनी डीव्ही टेप थोड्या दिरहमांत मिळे, भरली की तिची छोटी खुंटी सरकवून टाकावी म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, आणि ती कपाटात ठेवावी. पुसण्याचा मोह होण्याइतकी ती महागच नव्हती.

नवा टेपचा कॅमेरा, मायक्रोफोनच्या भोकासकट, आमच्या शपथेत बसत नव्हता. अमेरिकेत असे कॅमेरे हजार डॉलरच्या घरात होते, आणि दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला असल्यामुळे इथे काही जादू होण्याचा संभव नव्हता. दुबईत सगळे निम्म्या किमतीत मिळते अशी गावाकडे समजूत आहे, तिचा उगम कुठला कोण जाणे.

कॅमेरा मिळाला तो दुकानात नव्हे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची नोकरी नोव्हेंबरात गेली. नोकरीबरोबर व्हिसाही जातो. तेव्हा महिन्याभरात घर आवरून निघावे लागे. त्या हिवाळ्यात अशी घरे कितीतरी रिकामी होत होती. इमारतींच्या जिन्यांत चिठ्ठ्या डकवलेल्या असत : सोफा, फ्रिज, मुलांची सायकल. त्याच्या यादीत दीड वर्ष वापरलेला एचडीव्ही कॅमेरा होता. पाल, मायक्रोफोनचे भोक असलेला, सोबत दोन बॅटऱ्या आणि नऊ कोऱ्या टेपा. किंमत त्याने १,६०० सांगितली. इतर कोणी असते तर आम्ही १,२०० वर आणले असते. पण त्याची मुलगी कॅमेरा हातात धरून उभी होती. तिच्या पहिल्या वाढदिवसासाठी तो घेतला होता म्हणे. आम्ही १,६०० मोजले. पुढे दोन टेपा आम्ही विकत घेतल्या.

जुना कॅमेरा घेताना पाहावयाचे ते सांगतो. आपली टेप भरून त्यातच लावून पाहावी, आणि मग दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात लावून पाहावी. डोके झिजलेले असेल तर चित्रात चौकोन चौकोन पडतात. टेपचा दरवाजा उघडून आत वाळू आहे काय ते पाहावे. इकडे वाळवंटाच्या सहली फार. ऑगस्टात एसीच्या खोलीतून एकदम बाहेर नेला तर भिंगावर दव धरते, आणि टेपचा कॅमेरा आतल्या ओलाव्यामुळे तासभर चालावयाचेच नाकारतो. बाहेर काढण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ऊन हवेत थोडा वेळ ठेवावा.

आई आली. पहिले दोन दिवस यंत्र दिसले की पदर सावरून गप्प बसे. तिसऱ्या दिवशी चिकाचा हलवा करावयाचा असे तिनेच काढले. रोल्याच्या बाजारातून गहू आणि नारळ आणले. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदललेले. साऱ्या फ्लॅटला आंबूस वास. मग वाटणे, मलमलीतून पिळणे, रात्रभर ठेवून वरचे निवळ पाणी ओतून देणे आणि खाली बसलेला चीक घेणे. तो नारळाच्या दुधात, साखर घालून, मंद आचेवर घोटायचा, हात न थांबविता. आम्ही कॅमेरा तिच्या तोंडाकडे रोखला तेव्हा ती म्हणाली, "अरे, ते माझ्याकडे काय बघतंय? पातेल्याकडे बघू दे त्याला!" मग सूनबाईला, "तू घे जरा पळी, माझा हात बघ भरून आला."

घोटता घोटता ती बोलत गेली. आम्हांस ठाऊक नसलेले पुष्कळ निघाले. रेवदंड्याला तिच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता हे ऐकून माहीत होते. पण पहाटे बैल जुंपल्यावर तो घाणा कसा कुरकुरत असे ते तिने तोंडाने काढून दाखविले. लांब, चढा, मग एकदम खाली पडणारा आवाज. तो घाणा पाहिलेले माणूस आमच्या घरात दुसरे नव्हते. पदराच्या मायक्रोफोनने तो स्वच्छ धरला आहे. पाठीमागे पळी पातेल्याला लागते तेही ऐकू येते.

दोन महिन्यांत अकरा टेपा भरल्या. फायरवायरच्या तारेने त्या संगणकात उतरवावयाच्या, तासाच्या टेपला पुरता तास, आणि जागा सुमारे ११ ते १२ जीबी. पुढे नातेवाइकांसाठी साध्या डीव्हीडी काढल्या. एक पुतणी इस्राएलला अश्दोदमध्ये असते. तिची डीव्हीडी शारजातून टपालात टाकता येत नव्हती, कारण त्या काळी इथून तिकडे टपालही नाही आणि टेलिफोनही नाही. ती आधी ठाण्याला गेली आणि तिथून भावाने धाडली. आई २०११ मध्ये वारली.

२०२० च्या ऑगस्टात दोन्ही देशांमधले टेलिफोन खुले झाले. पुतणीचा पहिला थेट फोन आला तो त्याच आठवड्यात. ख्यालीखुशाली झाल्यावर तिने विचारले, "काका, दुसरी टेप संपते तिथे आज्जी म्हणते 'आता बघ', आणि चित्र तुटतं. काय बघायचं?" टेप बदलण्यात गेलेले ते अर्धे मिनिट. उत्तर घरातून आले : ओल्या बोटाने हलवा दाबून पाहायचा; बोटाला चिकटला नाही की लगेच थाळ्यात ओतायचा. इतकी वर्षे ती अंदाजाने उतरवीत होती.

आज कोणी विचारील तर वेगळा कॅमेरा घ्या असे आम्ही सांगणार नाही. खिशातला फोन त्या वेळच्या कॅमेऱ्याहून सरस चित्र देतो. दोनशे-तीनशे दिरहमांना '४के' म्हणून मिळणारी खोकी घेऊ नयेत. बहुतेकांत लहान चित्र ताणून मोठे केलेले असते. त्या पैशात फोनला लागणारा मायक्रोफोन आणि एक तिकाटणे घ्यावे, आणि चित्रे दोन निरनिराळ्या घरांतल्या दोन डिस्कांवर ठेवावीत. अमिरातीत असाल तर आणखी एक : परक्या माणसाचे, विशेषतः बायकामुलांचे, संमतीवाचून चित्रण करू नये. २०२१ च्या सायबर कायद्याने तो गुन्हा आहे. समुद्रावरच्या हौशी मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

घरी जुन्या टेपा असतील तर मात्र घाई करा. व्हीएचएसचे यंत्र बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ साली काम थांबविले, आणि नव्या संगणकांत फायरवायरचे भोक येत नाही. आमच्याकडे त्यासाठी एक जुना लॅपटॉप राखून ठेवला आहे. कॅमेऱ्याची एक बॅटरी मेली, दुसरी वीस मिनिटे टिकते, पण प्लगवर तो अजून टेप फिरवितो. शारजा-दुबईतल्या कोणास मिनी डीव्ही टेपा उतरवून घ्यावयाच्या असतील त्याने शनिवार सोडून केव्हाही यावे. येताना आपली हार्ड डिस्क आणावी.