बुधवारचे पाहुणे

ज्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं, ज्याच्या घरचें पाणी कधीं प्यालों नाहीं, अशा माणसाशीं घरोबा जडूं शकतो काय ? आमच्या मानोऱ्यासारख्या वऱ्हाडांतील गांवीं ज्यांचें बालपण गेलें, त्यांस हा प्रश्न पडणार नाहीं. 1960 नंतरच्या त्या वर्षांत आमच्या एकत्र कुटुंबांत बॅटरीवर चालणारा एकच रेडिओ होता, आणि दर बुधवारीं रात्रीं 8 वाजतां त्यावर सिलोनहून अमीन सयानी येत असत. 'येणें' हाच शब्द घरांत रूढ होता. "आले का सयानी ?" असें आजी माजघरांतून विचारी.

मौज अशी कीं, हे गृहस्थ सिलोनांत राहतच नसत. त्यांचा जन्म मुंबईचा, 21 डिसेंबर 1932 चा, आणि बोलणेंहि मुंबईतच होई. तेथें मुद्रित झालेली फीत कोलंबोस जाई व तेथून लघुलहरींवर स्वार होऊन त्यांचा आवाज पुनः आपल्या देशांत येई. हा द्राविडी प्राणायाम कां, तर 1952 सालीं नभोवाणीमंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकरांनीं चित्रपटगीतांस सरकारी नभोवाणीचा दरवाजा जवळ जवळ बंदच केला होता. केसकरांची थट्टा करण्याचा प्रघात पडला आहे. मला तो रुचत नाहीं. शनिवारचा शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकीर्दींतला. त्यामुळें नामांकित गवयांचें गाणें आमच्या ओसरीवर आलें. आजोबा तर पक्के केसकरपक्षीय !

3 डिसेंबर 1952 रोजीं रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका हें दांत घासण्याच्या पेस्टचें नांव. वीस वर्षांच्या सयानींस आठवड्याचे 25 रुपये मिळत. सात गाणीं वाजवावयाचीं, श्रोत्यांनीं त्यांचा क्रम लावून पाठवावयाचा, आणि बक्षीस 100 रुपये. पहिल्याच खेपेस सुमारें 9,000 पत्रें आलीं. वर्षभरांत तो आंकडा आठवड्यास 65,000 पर्यंत गेला. अखेर 1954 पासून क्रम आयोजकांनींच लावावा असें ठरलें.

गाणीं तर इतरत्रहि लागत. मग बुधवारींच घर कां जमे ? माझ्या मतें त्याचें कारण सयानींची भाषा. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठीं 'रहबर' नांवाचें पाक्षिक काढीत. नागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत, परंतु भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. गांधीजींचा आग्रहच तसा होता. सयानी प्रथम इंग्रजींत बोलणारे. तरीहि हिंदुस्थानींत बोलूं लागले तेव्हां घरच्या त्या पाक्षिकाचा संस्कार कामास आला. पंडिती शब्द नाहींत, फारसी आतषबाजी नाहीं. आजोबा गाणें लागलें कीं कपाळास आंठ्या घालीत. मात्र निवेदन सुरू होतांच पंचांग मिटून ऐकत. "बोलतो मात्र स्वच्छ !" एवढेंच ते म्हणत, पण आजोबांच्या तोंडून तें फार होतें.

पुढें 1989 सालीं गीतमाला विविध भारतीवर आली. 2009 सालीं सयानींस पद्मश्री मिळाली, आणि 20 फेब्रुवारी 2024 रोजीं मुंबईंत ते निवर्तले. ती बातमी ऐकून मला प्रथम आत्या आठवली.

आमच्याकडे पंगत आधीं पुरुषांची बसे. ताट असो, वर्तमानपत्र असो वा रेडिओजवळची जागा असो, बायकांची पाळी मागाहून. आणि हा मनुष्य दर बुधवारीं "बहनो और भाइयो" म्हणून आरंभ करी ! बहिणी आधीं. त्या वेळीं याचें महत्त्व कोणास वाटलें नसेल, आत्यास वाटलें. ती बालविधवा होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं भिंतीस टेकून ती ऐके. आवाज लाटेसारखा मागें सरला कीं मान पुढें करी. एकदां तिनें माझ्याकडून पोस्टकार्ड मागून घेतलें आणि आवडत्या गाण्याचें नांव स्वतःच्या हातानें लिहिलें. नात्यागोत्याबाहेरच्या माणसास तिनें लिहिलेलें तें पहिलें पत्र. आजोबांनीं तें पाहिलें, चष्मा वर केला, आणि मुकाट्यानें मजजवळ टपालांत टाकावयास दिलें.

आत्याचें नांव कांहीं रेडिओवर आलें नाहीं. पुढच्या महिन्यांत तिनें दुसरें कार्ड मागितलें.