कुट्टनाडातील बदकांचे वर्ष

केरळातील कुट्टनाड पाहण्याचा योग आला तेव्हा फाल्गुन सरत होता. येथील भातशेते समुद्रसपाटीहूनही खोल. बांधावरून चालावे तो एका अंगास कालव्याचे पाणी वर, दुसऱ्या अंगास शेत खाली! 'पुंजा' पिकाची कापणी झाली की त्यांत बदकांचे कळप सोडतात. सांडलेले दाणे व गोगलगायी ती वेचतात आणि खत तेथेच ठेवून जातात.

आमच्या यजमानांच्या परसात कोंबड्या, बदके व केळी एकत्रच नांदत. ज्या घराच्या उंबरठ्याआत अंडे कधी आले नाही त्या घरचा मी. तरी कुतूहल आवरेना. गावठी बदक अंड्यांवर नेटाने बसत नाही, म्हणून ती कोंबडीखाली ठेवतात. स्वतःच्या पिलांस 21 दिवस पुरतात, परक्यांसाठी ती बिचारी 28 दिवस बसते. पुढे लेकरे पाण्यात शिरली म्हणजे काठावर आक्रोश करते! हीच पिले भाद्रपदाच्या सुमारास अंडी देऊ लागतात.

2014 च्या नोव्हेंबरात या भागात बर्ड फ्लूची साथ आली. नाताळाच्या विक्रीसाठी वाढविलेली बदके सरकारी आज्ञेने मारली गेली. यजमानांचे परसही रिकामे झाले होते. त्यांनी पुन्हा बदके पाळू नयेत, असे मुलांचे म्हणणे. गृहिणीने मात्र कोणाशी वाद न घालता बारा अंडी मांडली. मी निघालो तेव्हा भिंतीवर कोळशाच्या वीस रेघा झाल्या होत्या.